तारा कुणाला लागतील? शाळांमध्ये दात तपासत काढलेले सोळा महिने

परवा प्रबंधाच्या बांधीव प्रती विभागात जमा केल्या आणि पावती घेऊन बाहेर पडले. विषय होता शाळकरी मुलांना ऑर्थोडॉन्टिक उपचारांची, म्हणजे आपल्या भाषेत दातांना तारा लावण्याची, गरज किती आहे हे मोजणं. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये विषय ठरला त्या रात्री मी उशिरापर्यंत इंटरनेटवर शोधत बसले होते, की हे काम प्रत्यक्ष कसं करतात ते कुणी लिहिलंय का. निष्कर्ष पुष्कळ सापडले. पण परवानगीचं पत्र कुणाच्या नावे लिहायचं, शाळेत कुठल्या खोलीत बसायचं, मूल घाबरलं तर काय करायचं, हे कुठेच नव्हतं. ज्यांना पुढच्या वर्षी हाच विषय मिळेल त्यांच्यासाठी, आणि शाळेतून दातांची चिठ्ठी घरी आलेल्या पालकांसाठीही, हे लिहितेय.

पहिला अडथळा होता ‘गरज’ हा शब्दच. एकाच मुलाचे दात दोन डॉक्टरांनी पाहिले तर एक म्हणेल तारा लावा, दुसरा म्हणेल राहू द्या. म्हणून निर्देशांक लागतो. माझ्यासमोर मुख्यतः दोन होते. एक डीएआय, म्हणजे डेंटल एस्थेटिक इंडेक्स, १९८६ सालचा. त्यात तोंडातल्या दहा गोष्टी बघायच्या, प्रत्येकीला ठरलेल्या आकड्याने गुणायचं, बेरीज करायची आणि त्यात १३ मिळवायचे. उत्तर २५ किंवा त्याखाली आलं तर उपचाराची गरज नाही किंवा थोडीच. ३६ किंवा त्याहून जास्त आलं तर दोष फार गंभीर. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७च्या सर्वेक्षण पुस्तिकेत हाच घेतला होता. दुसरा आयओटीएन, म्हणजे इंडेक्स ऑफ ऑर्थोडॉन्टिक ट्रीटमेंट नीड, ब्रुक आणि शॉ यांनी १९८९मध्ये मांडलेला. त्याचे दोन भाग आहेत. दातांच्या आरोग्याच्या भागात १ ते ५ अशा ग्रेड असतात, ५ म्हणजे गरज सगळ्यात जास्त. दिसण्याच्या भागात समोरच्या दातांचे दहा फोटो एका पट्टीवर ओळीने लावलेले असतात आणि आपल्या दातांचं दिसणं त्यात कुठे बसतं हे ठरवायचं असतं.

मी आयओटीएन घेतला. त्यात मुलालाही विचारता येतं, हे मुख्य कारण. दुसरं म्हणजे सगळ्या दोषांची बेरीज न करता तोंडातला सगळ्यात वाईट एकच दोष धरायचा असल्याने तपासणी लवकर होते. क्रम पाठ करावा लागतो: आधी नसलेले किंवा अडकलेले दात, मग वरचे दात पुढे किती आलेत म्हणजे ओव्हरजेट, मग क्रॉसबाइट म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर उलटे बसणं, मग दातांची सरकलेली जागा, शेवटी ओव्हरबाइट म्हणजे वरचे दात खालच्यांना किती झाकतात ते. ग्रेड ५पासून खाली उतरत यायचं आणि जिथे अडाल तिथे थांबायचं. ओव्हरजेट ९ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर ग्रेड ५, सहाच्या वर ते नऊपर्यंत असेल तर ४. कागदावर हे इतकं सरळ दिसतं की मला वाटलं, दोन महिन्यांत काम संपेल.

वय मात्र पहिल्यापासून ठरलेलं होतं, १२ वर्षं. या वयात दुधाचे दात जवळजवळ पडून गेलेले असतात आणि मुलं शाळेत एकत्र सापडतात. बहुतेक देशांची दंत-सर्वेक्षणं याच वयात होत असल्याने तुलनाही करता येते.

किती मुलं तपासायची हे ठरवायला सांख्यिकीच्या सरांकडे गेले. मी आधीच आकडा काढून नेला होता: प्रमाण ५० टक्के धरलं आणि ५ टक्क्यांची चूक चालवून घेतली तर ३८४. सरांनी कागद बघितला आणि एकच प्रश्न विचारला, “मुलं निवडणार आहेस की शाळा?” मी शाळा निवडणार होते आणि त्या शाळांतल्या यादीतून मुलं. एका शाळेतली मुलं पुष्कळदा एकमेकांसारखी असतात, त्यामुळे ३८४ मुलं तपासूनही तेवढी माहिती हाती येत नाही. सरांनी तो आकडा दीडपट करायला लावला. झाले ५७६. गैरहजेरी आणि नकार धरून ६४० फॉर्म छापायचे ठरले. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, लिहिण्याआधी सांख्यिकीवाल्यांना भेटा, नंतर नको. नंतर भेटलेल्या माझ्या एका मैत्रिणीला अर्ध्या वाटेवर पुन्हा शाळा शोधाव्या लागल्या.

एथिक्स कमिटीची बैठक ऑक्टोबरच्या शेवटी होती. मला खात्री होती की सुई नाही, औषध नाही, एक्स-रे नाही, फक्त आरसा आणि पट्टी, म्हणजे लगेच मंजुरी मिळेल. १९ नोव्हेंबरला पत्र आलं, तीन हरकतींसह. पहिली, पालकांच्या संमतीपत्राची भाषा अवघड आहे. दुसरी, बारा वर्षांच्या मुलाला दहा फोटो दाखवून ‘यातला तू कुठला’ असं विचारल्याने ते दुखावलं गेलं तर काय करणार? तिसरी हरकत एका ओळीची होती: ज्या मुलांना गरज आढळेल त्यांचं पुढे काय?

त्या तिसऱ्या ओळीने मी खरंच हादरले. माझ्या आराखड्यात मुलाचं काम चौथ्या मिनिटाला संपत होतं. मी त्याला एक ग्रेड देणार, तो वर्गात परत जाणार आणि ती ग्रेड माझ्या तक्त्यात राहणार. मार्गदर्शक मॅडमना पत्र दाखवलं. त्या म्हणाल्या, “हे उत्तर आधी लिही, बाकी सगळं नंतर.” आम्ही आमच्या महाविद्यालयाच्या ऑर्थोडॉन्टिक विभागाशी बोललो. चिठ्ठी घेऊन आलेल्या मुलाची पहिली तपासणी वेगळ्या रांगेत होईल, असं त्यांच्याकडून लेखी घेतलं. ते लेखी हाती यायलाच तीन आठवडे गेले. सुधारित प्रस्ताव जानेवारीच्या बैठकीत मंजूर झाला. या वाटेवर असाल तर पहिल्याच प्रस्तावाला असं पत्र जोडा. माझे अडीच महिने वाचले असते.

शिक्षण खात्याच्या परवानगीबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्या दिवसांत सांगण्यासारखं फार काही घडत नव्हतं, नुसतं थांबणं होतं. पाच फेऱ्या झाल्या. पहिल्या पत्रावर आमच्या विभागाचा जावक क्रमांक नव्हता म्हणून ते घेतलंच नाही. दुसरं घेतलं, पण ते कुठल्या टेबलावर आहे ते दोन आठवडे कळेना. शेवटी एका कारकून काकांनी मला आवक नोंदवहीतला क्रमांक स्वतःच्या वहीत उतरवून घ्यायला सांगितलं. पुढच्या फेरीला तो क्रमांक सांगितल्याबरोबर फाइल सापडली. अर्जासोबत शाळांची यादी, तपासणीचा फॉर्म, एथिक्स कमिटीचं पत्र आणि ‘शाळेकडून कोणताही खर्च घेतला जाणार नाही’ असं एक वाक्य, एवढं जोडलेलं असू द्या. शेवटचं वाक्य नसल्यानेही पत्र एकदा परत आलं होतं.

त्या थांबण्याच्या काळात कॅलिब्रेशन उरकून घेतलं. म्हणजे माझी नजर प्रशिक्षित परीक्षकाच्या नजरेशी आणि आजची माझी नजर पंधरा दिवसांनंतरच्या माझ्याच नजरेशी किती जुळते ते तपासणं. विभागातले तीस कास्ट, म्हणजे दातांचे प्लास्टरचे नमुने, घेतले, ग्रेड दिल्या, पंधरवड्याने पुन्हा दिल्या. जुळणीचा आकडा म्हणजे कप्पा. लँडिस आणि कॉख यांच्या १९७७च्या प्रसिद्ध पट्टीनुसार ०.६१ ते ०.८० ‘चांगली’ आणि ०.४१ ते ०.६० ‘मध्यम’ जुळणी. माझी पहिली खेप मध्यममध्ये आली. त्या संध्याकाळी मी कुणाशी बोलले नाही. मॅडमनी दुसऱ्या दिवशी प्रत्येक चुकलेला कास्ट समोर ठेवला, तेव्हा दिसलं की जवळजवळ सगळ्या चुका एकाच जागी होत होत्या: दोन दातांच्या सरकलेल्या स्पर्शबिंदूंमधलं अंतर. मी दाताच्या कडेपासून मोजत होते. जे दोन बिंदू एकमेकांना टेकायला हवे होते, त्यांच्यातलं अंतर मोजायचं असतं. तिथे २ ते ४ मिलिमीटरला ग्रेड ३ आणि त्याच्या पुढे ४, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या घसरगुंडीत मूल एका ग्रेडमधून दुसरीत जातं. तिसऱ्या खेपेला जुळणी पुरेशी आली.

कास्टवर शिकण्यात एक धोका आहे आणि तो मला कुणी सांगितला नव्हता. कास्टला ओठ नसतात आणि जबडा हलत नाही. म्हणून कास्टच्या नियमांत सगळ्यात वाईट शक्यता गृहीत धरतात: क्रॉसबाइट दिसला की जबडा दोन मिलिमीटरहून जास्त सरकतोय असं समजायचं, म्हणजे थेट ग्रेड ४. मुलाच्या तोंडात मात्र ते प्रत्यक्ष तपासावं लागतं. जबडा सैल सोडायला लावून दात पहिल्यांदा कुठे टेकतात आणि पूर्ण मिटल्यावर कुठे जातात, यातला फरक बघायचा. पायलटच्या, म्हणजे मुख्य कामाआधीच्या छोट्या चाचणीच्या, वेळी पहिल्या पंचवीस मुलांत मी सवयीने कास्टचेच नियम लावले. ते फॉर्म बाद केले आणि पायलट पुन्हा केला. कास्टवरून मुलांकडे जाताना मध्ये चार दिवस क्लिनिकमध्ये काढा, जिवंत जबडे हाताळा.

तोवर परीक्षांचा हंगाम आला आणि एकाही शाळेने दार उघडलं नाही. बरोबरच होतं त्यांचं. सुट्टी संपून शाळा रुळल्यावर आम्ही सुरुवात केली. आठ शाळा, प्रत्येकी ७२ मुलं, आठवड्यातले तीन दिवस, मी आणि नोंदी लिहायला माझी ज्युनिअर. तोंडात धरायचे आरसे आमच्याकडे तीस होते. निर्जंतुक करून आणलेला आरसा एका मुलाला एकदाच, म्हणजे दिवसाला तीस मुलं. हा हिशेब बदलता येत नाही, त्यामुळे शाळेला तारखा देताना तोच धरून द्या. आमचा खर्च मुख्यतः हातमोजे, निर्जंतुकीकरणाच्या पिशव्या, झेरॉक्स आणि येण्याजाण्यावर झाला. त्यात झेरॉक्स सगळ्यात जास्त, हे मला शेवटपर्यंत खरं वाटलं नाही.

संमतीपत्रांबद्दल एक गोष्ट पहिल्या शाळेतच शिकले. मी फक्त ‘होकार’ची ओळ छापली होती. निम्मे कागद परत आलेच नाहीत आणि पालक नको म्हणाले की कागद दप्तरातच राहिला, हे कळायला मार्ग नव्हता. दुसऱ्या शाळेपासून ‘होय’ आणि ‘नाही’ दोन्ही चौकोन ठेवले, आणि वर्गशिक्षिकांच्या हस्ते कागद वाटले. पालकांनी ‘होय’ लिहिलेलं असलं तरी खुर्चीवर बसल्यावर मुलाला पुन्हा विचारायचं. एका मुलाने मान हलवून नको म्हटलं. मी ठीक आहे म्हटलं, तो उठून गेला. मधल्या सुट्टीत स्वतःच परत आला आणि म्हणाला, “डॉक्टर ताई, आता बघा.”

जागा मुख्याध्यापकांच्या केबिनमध्ये देतात. नम्रपणे नको म्हणा. त्या खोलीत आलेलं मूल आपण काहीतरी चुकलोय असं समजूनच येतं. आम्हाला ग्रंथालयाचा कोपरा आवडला. खुर्ची खिडकीकडे तोंड करून, उजेड सरळ तोंडात, रांग दाराबाहेर. सुट्टीत डबे खाऊन झाल्यावर तपासणी ठेवली तर आधी चूळ भरायला लावा.

ओव्हरजेट मोजताना ‘दात मीट’ म्हटलं की बरीच मुलं खालचा जबडा पुढे आणून पटाशीचे दात पटाशीच्या दातांवर टेकवतात. मग सात मिलिमीटरचं अंतर दोन दिसतं. यावर उपाय म्हणजे, “जिभेचं टोक मागे टाळूला लाव आणि दाढा मीट,” असं सांगायचं. तरी जमलं नाही तर आवंढा गिळायला सांगायचा. ओठांचंही तसंच आहे. साडेतीन ते सहा मिलिमीटर ओव्हरजेट असेल तर ओठ सहज मिटतात की नाही यावर ग्रेड २ की ३ ठरते. पण ‘ओठ मीट बघू’ म्हटलं की मूल मिटतंच, हनुवटीवर वळ्या पाडून. म्हणून मी मूल आत येऊन कार्डावर आपलं नाव शोधत असताना ओठांकडे बघून घ्यायचे. तेव्हा ते स्वतःच्या नादात असतं.

आता जिथे मी चुकले ते सांगते. पहिल्या शाळेत मी ग्रेड मोठ्याने सांगत होते आणि ज्युनिअर लिहीत होती. रांग दाराबाहेर होती, पण दार उघडं होतं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत व्हरांड्यातून जाताना ऐकलं, “तुला किती मिळाले? मला चार!” मुलांना ते मार्क वाटले होते. ज्यांना चार-पाच मिळाले ती खूश होती, ज्यांना एक मिळाला ती हिरमुसलेली. एका वर्गात मात्र कुणीतरी बरोबर उलटा अर्थ लावला होता आणि एका मुलीला ‘पाच नंबर’ म्हणून हाक मारायला लागले होते. ती मुलगी दुसऱ्या दिवशी ओढणी तोंडावर धरून बसली होती. तिच्या वर्गशिक्षिकांनीच मला बोलावून हे दाखवलं, आणि त्यांनी मला न रागावता सांगितलं हे मी विसरणार नाही. एथिक्स कमिटीला मी फोटोंच्या पट्टीबद्दल दीड पान लिहून दिलं होतं; माझ्या आवाजाबद्दल एक ओळही नव्हती. मी वर्गात जाऊन मुलांना समजावलं की हे मार्क नाहीत, दाताच्या डॉक्टरांची लिहिण्याची खूण आहे, आणि मी ती मोठ्याने बोलायला नको होती. त्या मुलीशी वेगळं बोलले. त्या दिवसापासून आकडा बोलणं बंद. आम्ही प्रत्येक ग्रेडला एका झाडाचं नाव दिलं, क्रम उलटसुलट ठेवून, आणि दर शाळेत नावं बदलली. दार लावून घ्यायला लागलो.

फोटोंची पट्टी दाखवताना मुलाला एकट्याला समोर बसवायचं, हे आधीच ठरलेलं होतं. पण प्रश्न कसा विचारायचा ते हळूहळू कळत गेलं. ‘तुझे दात यातल्या कुठल्या फोटोसारखे?’ असं म्हटलं की मूल आपल्यासारखाच वाकडा दात फोटोंत शोधत बसतं आणि तो तिथे नसतोच. पट्टी हुबेहूब जुळणाऱ्या फोटोसाठी नाहीच. पहिला फोटो दिसायला सगळ्यात चांगला, दहावा त्या दुसऱ्या टोकाला, या रांगेत तू स्वतःला कुठे उभं करशील, असं समजावल्यावर मुलं विचार करून बोट ठेवायची. पट्टीची एक मर्यादाही लक्षात ठेवा. सगळे फोटो समोरून काढलेले आहेत, त्यामुळे दात पुढे किती आलेत ते त्यात नीट दिसत नाही, आणि खालचा जबडा पुढे असलेल्या मुलाला स्वतःसारखं त्यात काही सापडत नाही.

मुलांची बोटं माझ्या अंदाजाच्या आसपास पडतील असं मला वाटलं होतं. एका मुलाचा सुळा पूर्ण बाहेरच्या ओळीत होता, आरोग्याची ग्रेड ४. त्याने शांतपणे तिसऱ्या फोटोवर बोट ठेवलं आणि विचारलं, “झालं?” त्याच सकाळी एका मुलीचा समोरचा एक दात किंचित वळलेला, ग्रेड २. तिने पट्टी पूर्ण बघितलीही नाही, नववा दाखवला. मी विचारलं, “का गं?” ती म्हणाली, “फोटोत मी हसत नाही.” माझ्या फॉर्ममध्ये यासाठी रकाना नव्हता. मी समासात लिहून ठेवलं. पुढे अशा समासातल्या नोंदी इतक्या झाल्या की मॅडमनी त्यांचं वेगळं प्रकरण करायला लावलं. तुम्ही फॉर्म बनवत असाल तर ‘मूल काय म्हणालं’ एवढी एक ओळ मोकळी ठेवा.

आणि एक मुलगी अशी होती की तिच्यामुळे मला माझं काम नीट समजलं. दात देखणे, सरळ, तिने स्वतः दुसरा फोटो दाखवला आणि मीही तोच दाखवला असता. वरचा डावा सुळा आलेला. उजवीकडे दुधाचा सुळा अजून घट्ट. हिरडीवरून बोट फिरवलं. येणारा सुळा साधारण दहाव्या वर्षापासून तिथे फुगवट्यासारखा हाताला लागायला हवा, तिला काहीच लागत नव्हतं. एक्स-रेशिवाय निश्चित ग्रेड देता येत नव्हती, म्हणून फॉर्मवर संशय लिहिला आणि चिठ्ठी दिली. दोन दिवसांनी तिच्या आई शाळेत आल्या. जरा रागातच होत्या. “मॅडम, सगळे म्हणतात हिचे दात किती छान आहेत. तुम्ही कसली चिठ्ठी दिली?” मी त्यांना बसवून कागदावर दात काढून दाखवले. सुळा टाळूच्या बाजूला आडवा पडला तर तो शेजारच्या दाताचं मूळ झिजवू शकतो, आणि ते दुखत नाही, म्हणून कळत नाही, असं सांगितलं. या वयात लवकर लक्षात आलं तर कधीकधी नुसता दुधाचा सुळा काढूनही काम भागतं. १९८८मध्ये स्वीडनच्या एरिक्सन आणि कुरोल यांनी १० ते १३ वयाच्या मुलांमध्ये असे टाळूकडे वळलेले ४६ सुळे बघितले, आणि दुधाचा सुळा काढल्यावर त्यांपैकी ३६ आपापल्या वाटेला लागले. बाई ऐकत राहिल्या. पुढच्या आठवड्यात एक्स-रे झाला. सुळा आडवाच होता, मूळ अजून शाबूत होतं. दुधाचा दात काढला. सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढायचा आहे.

माझ्या चिठ्ठ्यांची भाषा मात्र सुरुवातीला चुकीची होती. पहिल्या मसुद्यात ‘उपचारांची अत्यंत गरज’ असं लिहिलं होतं, ग्रेड ५च्या व्याख्येचं शब्दशः भाषांतर. एक वडील कामावरची सुट्टी टाकून दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या फाटकाशी उभे, चेहरा उतरलेला. त्यांना वाटलं मुलाला काहीतरी गंभीर झालंय. निर्देशांकातली ‘गरज’ म्हणजे तातडी नव्हे. उपचार केल्याने फायदा होण्याची शक्यता किती, एवढंच ती सांगते. उलट ग्रेड २-३च्या मुलांचे पालक विचारायचे, “मग तारा लावायच्या का?” त्यांना मी सरळ सांगायचे की थोडे वाकडे दात हा आजार नाही. नीट घासले तर ते टिकतात. मुलाला स्वतःला हवं असेल तर विचार करा. तारा साधारण दीड-दोन वर्षं चालतात, नंतर दात जागेवर राहावेत म्हणून रिटेनर वापरावा लागतो, आणि रोज घासायचं काम मुलाचंच असतं. फी ठरवताना रिटेनर आणि तुटलेल्या ब्रॅकेटची (दाताला चिकटवून तार धरणाऱ्या तुकड्याची) दुरुस्ती त्यात धरली आहे का, हे आधी विचारून घ्या.

फील्डवर्क संपलं. दहा टक्के मुलं वेगळ्या दिवशी पुन्हा तपासली होती, त्यांची जुळणी बरी आली. आकडे भरायला, तपासायला आणि लिहायला बाकीचा वेळ गेला. तो भाग कुठल्याही प्रबंधासारखाच. प्रत्येक शाळेला एक पानाचा अहवाल दिला, त्यात कुणाचंही नाव नव्हतं.

चिठ्ठी दिलेल्या घरांना मी तीन महिन्यांनी फोन केले. हे प्रस्तावात नव्हतं, त्यासाठी परवानगीची दुरुस्ती करून घेतली. काही जण जाऊन आले होते. काहींनी सांगितलं, एक दिवसाचा पगार बुडतो. काहींना तारांचा खर्च झेपणारा नव्हता, तर मग नुसतं दाखवून मुलाला आशा का लावायची, असं त्यांचं म्हणणं होतं. एका आजोबांनी विचारलं, “तुम्ही परत शाळेत याल का? तिथेच करता येणार नाही का?” मी त्यांना नाही म्हणाले. ही उत्तरं आम्ही विभागाला लिहून दिली, आणि वेगळी रांग आता महिन्यातून एका रविवारीही उघडते.

शेवटी वापरलेली चिठ्ठी इथे देते. चौथ्या शाळेपासून हीच चालली. हवी असेल तर उतरवून घ्या, तुमच्या ठिकाणाप्रमाणे बदला.

“नमस्कार. तुमच्या संमतीने आज शाळेत तुमच्या मुलाचे/मुलीचे दात तपासले. आम्हाला दिसलेली गोष्ट: (इथे साध्या शब्दांत एक वाक्य). हा तातडीचा आजार नाही. घाबरू नका, मुलाला रागावू नका. पण येत्या दोन-तीन महिन्यांत दातांच्या डॉक्टरांना एकदा दाखवावं, कारण (इथे कारण). दाखवायला जाणं म्हणजे उपचार सुरू करणं नव्हे. उपचार केले नाहीत तर काय होईल, थोडं थांबलं तर चालेल का, आणि एकूण खर्चात काय काय येतं, हे तीन प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा. जाण्याआधी मुलालाही विचारा, त्याला स्वतःला काय वाटतं. काही शंका असल्यास खालील क्रमांकावर फोन करा, दुपारी दोन ते पाच.”

खाली क्रमांक हाताने लिहायचे. छापलेल्या क्रमांकावर फोन कमी यायचे.